पासपोर्टपट्टी

कराला आपल्याकडे गावोगावी ‘पट्टी’ म्हणतात. घरपट्टी, पाणीपट्टी. घर ज्या गावात उभे आहे त्या गावच्या ग्रामपंचायतीला घरपट्टी द्यायची, नळ ज्या गावात आहे त्या गावाला पाणीपट्टी. मालक मुंबईत राहायला गेला म्हणून रत्नागिरीतल्या बंद घराची पट्टी त्याला चुकत नाही. पण मुंबईत त्याला जो पगार मिळतो त्यातला हिस्सा ग्रामपंचायत मागू शकत नाही आणि मागतही नाही. यात अन्याय झाला असे आजवर कुणाला वाटलेले नाही. देशांच्या बाबतीतही जगाचा रिवाज बहुतेक असाच आहे: माणूस जिथे राहतो तिथे आणि उत्पन्न जिथे निघते तिथे कर. या रिवाजाला सोडून, नागरिक जगात कुठेही राहो, कुठेही कमावो, केवळ आपला पासपोर्ट त्याच्या खिशात आहे म्हणून त्याच्याकडून कर मागणारे दोन देश आज ठळकपणे डोळ्यांसमोर येतात. एक अमेरिका, दुसरा एरिट्रिया. या कराला पासपोर्टपट्टी म्हणू. अशी पट्टी असावी, भारतानेही ती लावावी, असे म्हणणारे लोक आहेत आणि त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. पण या पट्टीचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. ती शांतपणे हिशेब मांडून क्वचितच लावली गेली. बहुतेक वेळा तिच्यामागे सोडून गेलेल्यांवरचा राग होता. आणि ज्यांच्यावर तो राग होता त्यांच्याऐवजी ती भलत्यांच्याच गळ्यात पडत आली.

अमेरिकेत ही पट्टी यादवी युद्धात जन्माला आली. १८६१ साली युद्ध पेटले तेव्हा संघराज्याच्या तिजोरीचा मुख्य आधार होता आयात मालावरची जकात. तेवढ्यावर फौजा पोसणे शक्य नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या देशाचा पहिला आयकर कायदा झाला: वर्षाला ८०० डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर ३ टक्के. त्यातच एक वेगळी तरतूद होती. परदेशात राहणाऱ्या नागरिकाला अमेरिकेतल्या मालमत्तेतून किंवा रोख्यांतून जे मिळेल त्यावर ५ टक्के. घरी राहणाऱ्याला तीन, बाहेर राहणाऱ्याला पाच. हा फरक महसुलाच्या गणिताने समजत नाही, रागाने समजतो. पुढे सक्तीची सैन्यभरती आली. १८६३ च्या कायद्याप्रमाणे ३०० डॉलर भरून किंवा बदली माणूस देऊन भरती टाळता येत असे, आणि ज्याच्याकडे त्याहून जास्त पैसा होता तो सरळ युरोपात जाऊन राहू शकत होता. व्हरमाँटचे सिनेटर जेकब कोलॅमर यांच्या सिनेटमधल्या बोलण्याचा रोख असा होता की, माणसाने पॅरिसला जाऊन राहायचे, भरतीचा धोका टाळायचा, देशाच्या संकटात अंगाने काहीच द्यायचे नाही आणि कर मात्र इतरांइतकाच कमी भरायचा, हे चालू देता कामा नये. १८६४ च्या कायद्याने मग परदेशस्थ नागरिकाचे सगळेच उत्पन्न, अमेरिकेतले असो वा बाहेरचे, कराच्या कक्षेत ओढले.

शेजारच्या शेतकऱ्याचा मुलगा आघाडीवर मरत असताना पॅरिसच्या हॉटेलात बसलेल्या धनिकाबद्दल कुणालाही जे वाटेल तेच कोलॅमर यांना वाटले, आणि त्या प्रसंगी ते रास्तच होते. पण प्रसंग संपतो आणि कलम उरते. युद्ध १८६५ मध्ये संपले, आयकरही १८७२ मध्ये संपला. १८९४ मध्ये तो पुन्हा आणला गेला तेव्हा परदेशस्थ नागरिकांचे कलम जुन्या कायद्यातून तसेच उचलले गेले. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी रद्द केला. १९१३ मध्ये राज्यघटना दुरुस्त करून आयकर कायमचा आला, आणि पुन्हा तेच कलम. युद्ध नाही, भरती नाही, पॅरिसमधल्या त्या पळपुट्यांपैकी बहुतेक हयातही नाहीत. शिक्षा मात्र आता परदेशी दुकान टाकणाऱ्या, मिशनऱ्याचे काम करणाऱ्या, तिकडे लग्न करून राहिलेल्या कुठल्याही अमेरिकनाला लागू.

या कलमाची कसोटी एका खटल्यात लागली. तो खटला जवळून पाहण्यासारखा आहे. जॉर्ज कुक नावाचा अमेरिकी नागरिक मेक्सिको सिटीत राहत होता. त्याची मालमत्ता मेक्सिकोत, तिचे उत्पन्नही मेक्सिकोतलेच. अमेरिकेच्या महसूल खात्याने त्याच्याकडे विवरणपत्र मागितले आणि त्यावर १,१९३ डॉलर ३८ सेंट कर आकारला. कुकने पहिला हप्ता, २९८ डॉलर ३४ सेंट, निषेध नोंदवून भरला, आणि तेवढी रक्कम परत मिळावी म्हणून मेरिलँडचे वसुली अधिकारी गेलन टेट यांच्यावर दावा लावला. ५ मे १९२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. न्या. जोसेफ मॅकेना यांच्या निकालाचे सार असे: सरकार हे मुळातच नागरिकाच्या आणि त्याच्या मालमत्तेच्या, ती कुठेही असो, हिताचे असते, म्हणून त्याची कर लावण्याची सत्ताही कुठेही पोचते. मेक्सिको त्या वेळी दहा वर्षांच्या क्रांतीतून नुकताच बाहेर पडत होता. कुकच्या घरापुढचा रस्ता, त्याच्या गल्लीतला पोलीस, त्याच्या भाडेकरूंचे तंटे सोडवणारे कोर्ट, जे काही होते ते मेक्सिकोचे होते. अमेरिकी सरकारने त्या मालमत्तेसाठी नेमके काय केले, याची चौकशी निकालात कुठेच नाही. हित गृहीत धरले गेले आणि गृहीतावर पट्टी उभी राहिली.

मराठी वाचकाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. आपल्या सत्तेबाहेरच्या मुलखातून, रक्षणाच्या नावावर, महसुलाचा हिस्सा घेण्याची पद्धत आपल्या इतिहासात आहे. तिला चौथाई म्हणतात. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील आपल्या ग्रंथात चौथाईची तुलना वेलस्लीच्या तैनाती फौजेच्या पद्धतीशी केली, आणि त्या तुलनेचे मर्म असे की दोन्हींत पैशाच्या बदल्यात फौजेचे संरक्षण होते. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची सनद घेऊन आले. तिच्याबरोबर शाहू महाराजांच्या बाजूने पंधरा हजार फौज चाकरीला ठेवण्याची अटही होती. ती अट कितपत पाळली गेली हा वेगळा वाद. पण चौथाईसारख्या, तलवारीच्या जोरावर उभ्या असलेल्या हक्कालासुद्धा कागदावर मोबदला लिहावा लागला होता. कुकच्या खटल्यातल्या हक्काला तेवढीही अट नाही.

यावर एक आक्षेप लगेच येतो. दोनदा कर पडतोच कुठे? १९१८ पासून अमेरिका परदेशात भरलेल्या कराची वजावट देते. १९२६ पासून परदेशात कमावलेल्या पगाराला सूट मिळते, आणि २०२५ साठी ती १ लाख ३० हजार डॉलरपर्यंत आहे. मग बहुतेकांना शेवटी काहीच भरावे लागत नसेल तर बिघडले काय? पण हाच आक्षेप पट्टीच्या विरुद्ध जातो. १९२६ ची सूट आली ती परदेशी बाजारात उतरलेल्या अमेरिकी व्यापाराला कर जड होतो म्हणून. म्हणजे मूळ कलम चुकीच्या ठिकाणी लागते हे खुद्द कायदेमंडळाने मान्य केले, कलम मात्र काढले नाही. आणि वजावटीचा मेळ तिथेच बसतो जिथे दोन देशांचे कायदे सारखे असतात. ते सारखे नसतात. ब्रिटनमध्ये राहते घर विकून झालेल्या नफ्यावर कर नाही, अमेरिकेत ठराविक मर्यादेपलीकडे आहे. बोरिस जॉन्सन १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मले, लहानपणीच ब्रिटनला परतले. पुढे लंडनचे महापौर असताना लंडनमधले आपले घर विकल्याबद्दल त्यांना अमेरिकेला कर भरावा लागला. २०१६ मध्ये त्यांनी ते नागरिकत्व सोडले. पॅरिसला पळालेल्या धनिकासाठी घडवलेले कलम लंडनच्या महापौराच्या राहत्या घरावर येऊन पडले.

२०१० पासून ही पट्टी आपल्याही दारात आली आहे. त्या वर्षी अमेरिकेने ‘फॅटका’ नावाचा कायदा केला: जगभरच्या बँकांनी आणि वित्तसंस्थांनी आपल्याकडच्या अमेरिकी खातेदारांची माहिती द्यावी, नाहीतर अमेरिकेतून त्यांना मिळणाऱ्या रकमांतून ३० टक्के कापून घेतले जातील. भारताने जुलै २०१५ मध्ये यासाठी करार केला. म्हणून आज सांगलीतल्या एखाद्या शिक्षकाने म्युच्युअल फंडात महिना हजार रुपयांची एसआयपी सुरू केली तरी त्याला एका फॉर्मवर जन्मस्थान, जन्मदेश, नागरिकत्व आणि ‘भारताबाहेर कुठे करदाते आहात का’ हे लिहून सही करावी लागते. अमेरिकेचे तोंडही न पाहिलेली कोट्यवधी माणसे या चौकटी भरतात. खरा फटका बसतो तो नागरिकत्व घेऊन परतलेल्यांना. कुणी पंचवीस वर्षे न्यू जर्सीत नोकरी केली, तिकडचे नागरिकत्व घेतले आणि म्हातारपणी ओसीआय कार्डावर पुण्यात राहायला आले, तर त्यांनी भारतीय म्युच्युअल फंडात घातलेला पैसा अमेरिकेच्या १९८६ च्या एका नियमाखाली जातो. तो नियम परदेशी फंडांत नफा साठवून ठेवण्याची पळवाट बुजवण्यासाठी केला होता, आणि त्याचा कर जबर आहे. कोथरूडमध्ये राहून कोथरूडच्या बँकेमार्फत केलेली गुंतवणूक तिथे ‘परदेशी’ ठरते. १९८९ च्या भारत-अमेरिका करारानेही सुटका होत नाही, कारण आपल्या नागरिकांवर कर लावण्याचा हक्क अमेरिकेने त्यात राखून ठेवला आहे.

अलेक्झांड्रू बिटनर यांचा खटला याच जातीचा. ते रुमानियात जन्मले, अमेरिकेचे नागरिक झाले आणि १९९० मध्ये रुमानियाला परतून तिथे मोठे उद्योजक बनले. पाच वर्षे त्यांनी आपल्या परदेशी खात्यांच्या माहितीचे वार्षिक फॉर्म वेळेत भरले नाहीत. सरकारने २७२ खात्यांच्या चुकांचा हिशेब करून २७ लाख २० हजार डॉलर दंड मागितला. कर चुकवल्याचा हा दंड नव्हता, फॉर्मचा होता. आणि चूक हेतुपुरस्सर नव्हती हेही सरकारला मान्य होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तेही पाच विरुद्ध चार मतांनी, दंड खात्यामागे नसून फॉर्मामागे आहे असे ठरवून तो ५० हजारांवर आणला.

इतर देशांच्या कहाण्या याहून कडू आहेत. जर्मनीने डिसेंबर १९३१ मध्ये मंदीतली भांडवलाची गळती थांबवण्यासाठी देश सोडणाऱ्या श्रीमंतांवर मालमत्तेच्या २५ टक्क्यांचा ‘पलायन कर’ बसवला. तो लोकशाही सरकारने बसवला होता. दोन वर्षांत हिटलर आला, १९३४ मध्ये मालमत्तेची मर्यादा दोन लाख मार्कांवरून पन्नास हजारांवर उतरवली गेली, आणि जीव वाचवून पळणाऱ्या ज्यूंना लुटण्याचे ते हत्यार झाले. सोव्हिएत संघाने १९७२ मध्ये देश सोडणाऱ्या सुशिक्षितांकडून शिक्षणाचा खर्च मागितला. रकमा काही वर्षांच्या पगाराएवढ्या होत्या आणि बोजा पडला तो मुख्यतः इस्रायलला निघालेल्या ज्यूंवर. फिलिपाइन्सने परदेशस्थ नागरिकांवर एक ते तीन टक्क्यांचा हलका कर लावून पाहिला आणि १९९७ च्या कायद्याने तो सोडून दिला.

एरिट्रियाची गोष्ट आपल्याला विशेष समजावी, कारण तिची सुरुवात वर्गणीने झाली. कोकणातल्या चाकरमान्यांनी मुंबईत गावाची मंडळे काढली, गिरणीच्या पगारातून वर्गणी काढून गावात देवळाचा जीर्णोद्धार केला, शाळेला खोल्या बांधल्या. एरिट्रियाच्या स्थलांतरितांनी, त्यात इटलीत घरकाम करणाऱ्या बायाही होत्या, इथिओपियाविरुद्धच्या तीस वर्षांच्या स्वातंत्र्ययुद्धाला असाच पैसा पुरवला. बोलोन्या शहरात दर उन्हाळ्यात त्यांचा मेळा भरत असे. स्वातंत्र्य मिळाले आणि १९९० च्या दशकात त्या वर्गणीचा कायदा झाला: परदेशस्थ एरिट्रियनाने उत्पन्नाच्या दोन टक्के द्यायचे. सुरुवातीला अनेकांनी आनंदाने दिले. पुढे देशात मुदत नसलेली सक्तीची लष्करी चाकरी आली, तरुण पळून जाऊ लागले, आणि ज्या राजवटीतून पळाले तिलाच दोन टक्के दिल्याशिवाय त्यांना पासपोर्ट, जन्मदाखला, वडिलांच्या जमिनीचे कागद मिळेनात. चाकरी सोडून पळालेल्यांना तर आधी गुन्हा कबूल करणाऱ्या पश्चात्तापपत्रावर सही करावी लागे. डिसेंबर २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने धाकदपटशाने चालणाऱ्या या वसुलीचा निषेध केला; २०१३ मध्ये कॅनडाने टोरांटोतला एरिट्रियाचा वाणिज्यदूत परत पाठवला, २०१८ मध्ये नेदरलँड्सने दूतावासाचा प्रमुख. वर्गणी देणारा माणूस उद्या हात आखडता घेऊ शकतो, आणि तेवढ्यासाठी मंडळाला हिशेब चोख ठेवावा लागतो. पट्टीला ती भीती राहिली नाही.

आता पट्टीच्या बाजूचा सर्वात वजनदार युक्तिवाद. तो मांडला मुंबईत जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थिरावलेल्या जगदीश भगवती यांनी, १९७० च्या दशकात. गरीब देश आपल्या करातून डॉक्टर, इंजिनिअर घडवतो आणि ते श्रीमंत देशात जातात. तेव्हा त्यांच्या तिकडच्या उत्पन्नावर छोटा अधिभार घेऊन तो पैसा गरीब देशांच्या विकासाला द्यावा. १९५८ मध्ये सुरू झालेली पवईची आयआयटी बऱ्याच अंशी देशाच्या पैशावर चालते, हे खरेच आहे, आणि तिथून शिकून गेलेल्याने आपण काही देणे लागतो असे मानावे हेही खरे. पण शिक्षणाचे देणे ठरावीक असते, ते फिटते. उत्पन्नावरचा कर जन्मभर चालतो. शिवाय पासपोर्टपट्टीला आयआयटीचा इंजिनिअर आणि स्वतःच्या पैशाने एजंटाला फी देऊन दुबईला गेलेला चिपळूणचा ड्रायव्हर यांच्यात फरक करता येत नाही. शिक्षणाचा हिशेब घ्यायचाच असेल तर त्याची सरळ वाट महाराष्ट्रात आहे: सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस होणाऱ्याकडून एक वर्ष सेवेचे बंधपत्र घेतले जाते. प्रवेश घेतानाच ते कळते, आणि नंतर तो डॉक्टर लंडनला गेला की लातूरला, याने त्यात फरक पडत नाही. राहिला प्रश्न मायदेशाला मिळणाऱ्या पैशाचा. जागतिक बँकेच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये परदेशस्थांनी भारतात १११ अब्ज डॉलर पाठवले. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत अशा पैशातला सर्वाधिक, २०.५ टक्के वाटा महाराष्ट्रात आला, त्याखालोखाल केरळात. हा पैसा तिजोरीत जात नाही, घरात जातो, असे कुणी म्हणेल. पण घरातून तो सिमेंट, औषधे, कॉलेजची फी यांवर खर्च होतो, आणि त्यातल्या कितीतरी खरेदीवर इथला कर कापला जातो.

मग संरक्षणाचे काय? १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा भारताने सुमारे १ लाख ७० हजार माणसे परत आणली, बहुतेक अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी. त्यांनी तोवर तिकडच्या कमाईवर भारताला आयकर दिलेला नव्हता, आणि त्यांना परत आणू नये असे कुणाच्याही मनात आले नाही. संकटातल्या माणसाला सोडवणे हे राज्याचे मूळ कामच आहे. तरीही दूतावासांचा खर्च परदेशस्थांनी उचलावा असे वाटत असेल, तर तशी सोय २००९ पासून आहे: भारतीय समुदाय कल्याण निधीत दूतावासाच्या कामांवरच्या शुल्काचा पैसा जमतो आणि अडलेल्या कामगारांसाठी वापरला जातो. नागरिकाला मत आहे म्हणून त्याने कर द्यावा, हा मुद्दा तर उलटाच पडतो. अमेरिकेने परदेशस्थ नागरिकांच्या सगळ्या उत्पन्नावर कर लावला १८६४ मध्ये. त्यांना राष्ट्रीय निवडणुकांत मतदानाची हमी देणारा कायदा मात्र १९७५ चा.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. काही धनिक वर्षाचे दिवस मोजून चार देशांत असे वाटून राहतात की कुठेच करदाते ठरत नाहीत. १ फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात त्यांच्यासाठी तरतूद मांडली गेली: जो भारतीय नागरिक कुठल्याच देशात करपात्र नाही तो भारताचा रहिवासी मानावा. आखातात आयकर नाही, त्यामुळे तिथला प्रत्येक गवंडी आणि नर्स या व्याख्येत सापडतो, हे ध्यानात येताच केरळपासून ओरड झाली. नेम पुन्हा एकावर आणि घाव दुसऱ्यावर बसणार होता. सरकारने दुसऱ्याच दिवशी खुलासा केला. अंतिम कायद्यात परदेशातली कमाई सोडून उरलेले उत्पन्न १५ लाखांपेक्षा जास्त असेल त्यालाच हा नियम लागतो, आणि कर पडतो तो भारतातल्या उत्पन्नावर किंवा भारतातून चालवलेल्या धंद्यावर. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी आणलेल्या, १ एप्रिल २०२६ पासून लागू असलेल्या २०२५ च्या नव्या कायद्यातही ती १५ लाखांची मर्यादा कायम ठेवलेली आहे. नियमाच्या दाराशी पासपोर्ट आहे खरा, पण पट्टी बसते ती इथे उभ्या असलेल्या घरावर. त्यापुढे एक पाऊलही टाकू नये असे माझे मत आहे. आखातातल्या मजुराच्या मजुरीला हात लावण्याचा प्रस्ताव पुन्हा कधी आलाच, तर तो देशभक्तीच्या भाषेत येईल, आणि तेव्हा कुकच्या २९८ डॉलर ३४ सेंटांची आठवण ठेवावी.